रोलरची मान

वाती वळणाऱ्या बायकांचे हात आपण सर्वांनीच पाहिले आहेत. बाहेरून तळहात फिरतो आणि आत कापसाची वात आपोआप घट्ट होत जाते. गवताचे गोल गठ्ठे बांधणाऱ्या बेलर नावाच्या यंत्राचे सारे रहस्य एवढेच आहे. रानात पडलेले तणस पुढच्या दात्यांनी उचलून आत घ्यायचे आणि वर्तुळात मांडलेल्या लोखंडी रोलरांनी ते बाहेरून फिरवीत राहायचे. गठ्ठा पुरेसा दाटला, की त्याच्याभोवती सुतळी गुंडाळली जाते, मागचे दार उघडते आणि वीसेक किलोंचा गठ्ठा जमिनीवर गडगडत येतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात या यंत्राचे आता कुणाला नवल वाटत नाही. धान हाताने कापले जाई तेव्हा मळणीनंतर तणसाची गंजी घराशेजारीच उभी राही. आता हार्वेस्टर दाणा तेवढा घेऊन जातो आणि तणस शेतातच पडून राहते. ते गोळा करायला मजूर मिळत नाहीत आणि रब्बीची घाई तर असतेच. मग माणूस काडी ओढतो आणि मोकळा होतो. जनावरांचा उन्हाळ्याचा घास अर्ध्या तासात धूर होऊन जातो.

माझ्या पुतण्याने कर्ज काढून बेलर घेतला तो याच विचाराने. गेल्या हंगामात, ऐन कामाच्या दिवसांत, त्याचा एक रोलर करकरू लागला आणि दुपारी अडकून बसला. ट्रॅक्टर बंद करून पाहिले, तर रोलरचे टोक आणि बाजूचा पत्रा यांच्यामधल्या फटीत तणस दोरासारखे आवळून बसले होते. त्याने बेअरिंगचे सील कापले होते. ग्रीस बाहेर आले, धूळ आत गेली आणि बेअरिंग जाम झाले. पण ट्रॅक्टरला त्याचे काय! शाफ्ट त्या अडकलेल्या कडीतच फिरत राहिला आणि झिजून बारीक झाला. हात लावला तर चटका बसत होता. सभोवती वाळके तणस असताना ही गोष्ट किती भयंकर, हे सांगायला नको.

पुतण्या बांधावर बसला. आभाळ भरून आले होते. तीन शेतांचे काम बोलून ठेवलेले, आणि त्यांतला एक म्हातारा दोन म्हशींच्या वैरणीसाठी रोज विचारून जात होता. पुतण्या म्हणाला, “काका, विकून टाकतो ही. पुण्याला कुठेतरी नोकरी पाहतो.” मी काही बोललो नाही. घरात शेती करणारा तो एकच उरला आहे. तो गेला, तर माझ्यासारख्या निवृत्त मास्तराने त्या शेताकडे पाहत बसण्यापलीकडे काय करायचे?

रोलर सोडवून आम्ही भंडाऱ्याला नेला. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या मिस्त्रीचे वडील भांडी घडवीत. याने लेथ घेतला. त्याने रोलर दोन ठोकळ्यांवर ठेवला, हाताने सावकाश फिरवला आणि म्हणाला, “रोलर चांगला आहे जी, गुरुजी. याची मान गेली.”

पुतण्याला घाई. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर घाला, घासून द्या, संध्याकाळी बसवतो, असे त्याचे म्हणणे. मिस्त्रीने मान हलवली. “नाही जी. तशी आठ दिवस चालेल. मग हंगामात पुन्हा याल, अन् शिव्या मला द्याल.”

पुढचे काम मी स्टुलावर बसून पाहिले. त्याने जुनी मान कापून काढली आणि नव्या पोलादी दांड्याची दुसरी बसवली. वेल्डिंग मात्र एका दमात केले नाही. आधी समोरासमोर चार टाके, मग थोडे इकडे, थोडे तिकडे. वेल्ड निवताना आखडते आणि दांड्याला आपल्याकडे ओढते. एकाच बाजूने भरत गेले, तर मान वाकडी होणार. बेअरिंग बसायची जागा त्याने मुद्दाम किंचित जाड ठेवली होती. सगळे पूर्ण निवल्यावर, दोन्ही टोके लेथच्या सेंटरांत धरून, ती शेवटी मापात उतरवायची. आधी मापात करून मग वेल्ड केले, तर माप खरे आणि रेषा खोटी. आणि निवायला रात्र द्यायची. पाणी ओतायचे नाही.

त्या रात्री मी पुतण्याला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या पेला गावची गोष्ट सांगितली. गवत बांधण्याच्या ढोरमेहनतीला कंटाळून एक शेतकरी गुरे विकायला निघाला होता. त्याचा मित्र गॅरी व्हर्मीर याने १९७१ मध्ये एकट्या माणसाला चालवता येईल असा मोठ्या गोल गठ्ठ्यांचा बेलर तयार केला. माणूस शेतीत टिकावा म्हणून केलेली खटपट ती! तिच्याच जातीचे यंत्र एका मानेपायी माझ्या पुतण्याला गावाबाहेर काढू पाहत होते. तो ऐकून नुसता “हं” म्हणाला.

सकाळी मिस्त्रीने मान उतरवली, डायल गेज लावून रोलर फिरवला. काटा जागचा फारसा हलला नाही. मग त्याने साखळीची दातेरी चाकी मागून घेतली, दातांवरून बोट फिरवले आणि विचारले, “साखळी जास्त ताणली होती का जी?” ताणली होती. सैल साखळी उडते म्हणून पुतण्याने ती तारेसारखी ताठ केली होती, आणि ती रात्रंदिवस त्या मानेला एका बाजूला ओढीत होती. नव्या मानेइतकेच हे कळणेही मोलाचे होते.

त्या दिवशी दोन शेते उरकली. म्हाताऱ्याच्या म्हशींचे गठ्ठे पावसाआधी गोठ्यात पोहोचले. तिसऱ्या शेतातले तणस भिजले, काळे पडले आणि पुढे मालकाने ते पेटवून दिले. धूर आमच्या अंगणापर्यंत आला.

यंदाचे धान कापणीला आले आहे आणि बेलर अजून दारात उभा आहे. कामाच्या दिवसांत पुतण्या तासातासाने ट्रॅक्टर पूर्ण बंद करतो, किल्ली खिशात घालतो, टोकांशी गुंडाळलेले तणस कोयत्याने काढतो, आणि मग प्रत्येक बेअरिंगच्या घरावर हात ठेवून पाहतो. घरी लेकराच्या कपाळावर ठेवतो, तसाच.