एकतर्फी हुकूमनामा

‘वांझ’ हे विशेषण आपल्या बोलण्यात आजवर बहुधा स्त्रीच्याच वाट्याला आले आहे. एखादीला ओटी भरताना मागे सारणारे लोक तिच्या नवऱ्यासाठी तसा शब्द शोधीत बसत नाहीत. कायद्याचे वर्तनही फारसे निराळे नव्हते. १८८० साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांची जी संहिता केली, तीत पत्नीला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अपत्य झाले नाही, तर पतीच्या दुसऱ्या लग्नाला वाट ठेवलेली होती. वय मोजायचे ते पत्नीचे! मूल नसण्याच्या खटल्यात पुरुषाची उलटतपासणी झालीच नाही. निकाल मात्र लागत राहिले.

काही वर्षांपूर्वी फोंड्याकडचे एक गृहस्थ दत्तकविधानासंबंधी सल्ला घेण्यास आले होते. लग्नाला सात वर्षे झालेली. कौल लावून झाला होता, नवस बोलून झाले होते, नागबळीही झाला होता. पत्नीच्या तपासण्यांची जाड फाईल त्यांनी माझ्यापुढे ठेवली. “आणि आपली?” असे मी विचारताच ते जरा दुखावले. म्हणाले, “वकीलबाब, मी रोज पहाटे योगासने करतो. मला काय धाड भरली आहे?”

योगाची टवाळी करणाऱ्यांतला मी नव्हे. परंतु ज्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, त्यांनी श्वासाचे आणि आसनांचे परिणाम उपकरणांनी मोजण्याचा आग्रह धरला. त्यांच्या वाटेने जाणाऱ्याने मोजमापाला का भ्यावे? शिवाय गंमत अशी की, हठयोगप्रदीपिकेत बिंदुरक्षणाची जी महती आहे ती योगसिद्धीसाठी; पुत्रप्राप्तीची ती कृती नव्हे.

मग योगाचा उपयोग काय? तो आहे, आणि खराच आहे. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात. त्या काळातील तंबाखू, मद्य, स्थूलता, अपुरी झोप, भट्टीजवळच्या कामाची उष्णता या साऱ्यांची झळ त्याला लागू शकते. दिल्लीच्या एम्समध्ये व हैदराबादच्या सीसीएमबीत झालेल्या अभ्यासांत योगाभ्यासानंतर वीर्याच्या काही लक्षणांत सुधारणा दिसली. ते अभ्यास लहान आहेत. त्यांवरून अपत्याची हमी कोणी देऊ नये. पण योगाने मन निवते, झोप सुधारते आणि व्यसन सोडू पाहणाऱ्याला आधार मिळतो. आणखी एक लाभ मला महत्त्वाचा वाटतो: महिन्यामागून महिना वाट पाहणाऱ्या दांपत्याला एकमेकांवर न चिडता शेजारी बसण्याची ती एक जागा होते. याची मोजणी कोणत्या यंत्राने करावी?

मात्र बीजवाहिनी बंद असेल तर कोणत्याही आसनाने ती उघडत नाही. अंडकोशाच्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, संप्रेरकांचा बिघाड, ताकद वाढविण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने या प्रत्येकाची वाट वेगळी असते, आणि ती वैद्यानेच दाखवावी लागते. निदान न करता वर्षभर प्राणायाम करीत राहणे म्हणजे मुदतीचा कायदा विसरून बसणे होय. कारण इकडे पत्नीचे वय थांबत नाही. मूल न होणाऱ्या दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा जोडीने असते, हे वैद्यकाला ठाऊक होऊन बराच काळ लोटला. आपल्या घरांत ते अजून पोचायचे आहे.

त्या गृहस्थांना मी दत्तकविधानाची माहिती दिली, कारण ते त्यासाठी आले होते. दत्तक घेणे हे काही पराभवाचे कलम नव्हे. मात्र निघताना त्यांच्या हाती एका वैद्याचा पत्ता ठेवला. तपासणी साधी असते. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य पाळावे लागते, एवढेच. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला ते जड जाण्याचे कारण नव्हते.