चिखलाचा काठ

जबलपूरला बावन्न तळ्यांचं शहर म्हणतात. राणीताल राणी दुर्गावतीचं, चेरीताल तिच्या दासीचं, अधारताल दिवाण अधारसिंहांचं. राणीतालच्या जागी आज स्टेडियम आहे. पण बाजनामठाजवळचा, टेकड्यांनी वेढलेला संग्रामसागर अजून पाणी धरून आहे. गोंड राजा संग्रामशाहाने सोळाव्या शतकात तो बांधला. दिवाळी सरली की माझ्या सकाळी तिथे जातात, नाहीतर परियटच्या जलाशयावर.

तळ्यावर आलेला माणूस आधी पाण्याकडे बघतो. बदकं आणि पाणकावळे तिथेच असतात. मी बघतो तो पाणी आणि जमीन यांच्यामधला चिखलाचा पट्टा. उतार जितका मंद, तितका हा पट्टा रुंद, आणि त्यात ज्याची त्याची जागा ठरलेली. ओलसर मातीवर कंठेरी चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात ठिपकेवाला तुतवार. उत्तरेच्या थंड दलदलींत पिल्लं वाढवून तो इथे हिवाळा काढायला आलेला असतो. त्याच्याही पुढे, लांबलचक गुलाबी पायांवर शेकाट्या. आणि गवताच्या बुडाशी, दिसून न दिसल्यासारखा पाणलावा. त्याच्या लांब चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. चोच चिखलात रुतलेली असतानाच तो नुसतं टोक उघडून किडा पकडतो.

शिंगाडा लावलेल्या तळ्यांत कमळपक्षी हमखास भेटतो. त्याची बोटं शरीराच्या मानाने अफाट लांब. तरंगत्या पानांवर ती पसरून तो चालतो, पान किंचित दबतं, कडेने पाणी चढतं, तोवर त्याचं पुढचं पाऊल पडलेलं असतं. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती शेपटी हिवाळ्यात झडलेली असते. पावसाळ्यात ती असते तेव्हा त्याच पानांवर नर एकटा अंडी उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. मादी तोवर दुसऱ्या नरासाठी अंडी घालायला गेलेली. शिंगाडे काढणारी माणसं डोंगीतून जवळून गेली तरी कमळपक्षी चार पानं सरकतो, एवढंच. काठावर मी नुसता उभा राहिलो तरी उडतो!

म्हणून फोटोसाठी आडवं व्हावं लागतं. पोटावर झोपून, लेन्स पाण्याच्या पातळीला आणून. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उतरलं की मागचं तळं विरघळतं आणि तो एकटा उरतो. शेकाट्याला उन्हात एक्स्पोजर थोडं कमीच ठेवावं, नाहीतर पोटाचा पांढरा रंग जळतो आणि पिसं दिसत नाहीत. त्याने टिपणं थांबवून मान ताठ केली की मी पुढे सरकत नाही. उडवून मिळवलेला फोटो मला नको. घरट्याचा तर मुळीच नको: उबवणारा पक्षी उठला की अंडी उन्हात उघडी पडतात.

पण तळ्यांचं सुशोभीकरण निघालं की मला धास्ती वाटते. गाळ काढतात, ते चांगलंच. मग चहूबाजूंनी दगडी भिंत, तिच्यावर फरशी, रेलिंग, दिवे. पाणी स्वच्छ दिसतं, लोक फिरायला येतात. पण भिंतीला लागूनच पाणी एकदम खोल होतं. बदकांचं त्यामुळे फारसं अडत नाही. चिखल्या, तुतवार, पाणलावा यांना मात्र पाय टेकायला जागाच उरत नाही. तळं वाचलं असं सगळे म्हणतात आणि यांचं तळं गेलेलं असतं. एका बाजूचा उतार मातीचा राहू द्यायला फार खर्च येत नाही. फिरणाऱ्यांना तीन बाजू पुरतात.

या वर्षीपासून मी रिकाम्या काठाचेही फोटो काढतो. पक्षी नसलेले, नुसत्या चिखलाचे, पाणी उतरेल तसतसे दर महिन्याला त्याच जागेवरून. आपल्या भागातल्या तळ्याचा आराखडा येईल तेव्हा बैठकीत तेच दाखवायचे आहेत: पाणी कुठवर होतं, चिखल किती रुंद होता, आणि शेजारी त्याच चिखलावर त्याच दिवशी टिपलेले तुतवार.