कोल्हापूर, क्रमांक ५५९३

कोल्हापूर नावाचं इंजिन कोल्हापूरला कधीच आलं नाही, आणि आणायचं म्हटलं असतं तरी येऊ शकलं नसतं. १९३४ च्या अखेरीला ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून ते बाहेर पडलं, तेव्हा मिरज-कोल्हापूर फाटा मीटर गेजचा होता. संस्थानाच्या मालकीचा, १८९१ पासून चालू असलेला. विलायतेतले रूळ चार फूट साडेआठ इंचांचे. पुढे १९७१ साली आपल्याकडे ब्रॉडगेज आलं, म्हणजे साडेपाच फूट. आधी आपला रूळ त्याला अरुंद पडला असता, मग रुंद. याच कारखान्याने हिंदुस्थानात इंजिनं पाठवली ती ढिगाने. आपल्या गावाचं नाव ल्यालेलं मात्र तिकडेच राहिलं.

विल्यम स्टॅनियर यांनी लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी या जातीची इंजिनं आखली. १९३४ ते १९३६ या काळात एकूण १९१ बांधली गेली. १९३५ साली पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून एका इंजिनाला काळा चकचकीत रंग आणि क्रोमची झळाळी देऊन ‘सिल्व्हर ज्युबिली’ नाव ठेवलं, आणि सगळा वर्गच ‘ज्युबिली’ झाला. बाकीच्यांना नावं कुठली द्यायची? साम्राज्याचा नकाशाच उघडला. कॅनडाचे प्रांत, ऑस्ट्रेलियाची राज्यं, मग बॉम्बे, मद्रास, बंगाल, पंजाब. तेही संपल्यावर आरमाराचे सेनानी आणि युद्धनौका.

५५८५ पासून आपली संस्थानं सुरू होतात: हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर, ग्वाल्हेर, त्रावणकोर, उदयपूर, इंदूर, कोल्हापूर, भोपाळ. ही ओळ मी अनेकदा वाचतो. गायकवाड, शिंदे, होळकर आणि करवीरचे छत्रपती, इतिहासात एका पंगतीला क्वचितच सुखाने बसलेली ही घराणी इथे जवळजवळच्या क्रमांकांवर आहेत. ही नावं प्रेमापोटी दिली गेली असं मी मानत नाही. घरधन्याने आपल्या जमिनीचे तुकडे मोजावेत, तशी ती मोजदाद आहे. शाहू महाराजांना जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती, गादीवर राजाराम महाराज होते, आणि लंडनच्या लेखी आपला दरबार त्या यादीतला एक क्रमांक होता. हे वाचताना मला आजही बोचतं.

तरीही या इंजिनावर माझा जीव आहे.

चाकावरच्या कमानीवर वाकवलेली पट्टी, तिच्यावर उठावदार पितळी अक्षरं. चाकं तर पावणेसात फुटांची, उंच माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारी. आणि सिलिंडर तीन. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार टाकतं, हे सहा टाकतं, त्यामुळे वेगात आवाज तुटक राहत नाही, सलग घुमतो. सुरुवातीला मात्र ही इंजिनं बदनाम होती. वाफ पुरेशी धरत नसत, चढावर दमत. सुपरहीटरच्या नळ्या कमी पडत होत्या, धुराड्याखालच्या झोताचं माप नीट बसलेलं नव्हतं. नळ्या वाढवल्या, झोताचं तोंड बदलून पाहिलं, आणि हळूहळू ज्युबिली कामाला पक्की झाली. इतक्या मोठ्या यंत्राचं नशीब एका नळीच्या तोंडाच्या मापावर अवलंबून असावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

युद्धाच्या काळापासून इयन अ‍ॅलन या प्रकाशकाच्या छोट्या पुस्तिका निघू लागल्या, इंजिनांचे क्रमांक आणि नावं छापलेल्या. शाळकरी पोरं फलाटाच्या टोकाला तासन् तास उभी राहायची आणि दिसलेल्या इंजिनाखाली रेघ ओढायची. पंचगंगा कुठे वाहते याची कल्पना नसलेल्या कितीतरी पोरांना कोल्हापूर हे नाव तोंडपाठ होतं.

१९४८ साली रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ५५९३ चं ४५५९३ झालं. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, युनायटेड प्रॉव्हिन्सेस हेही नकाशावरून गेले, पण त्या नावांची इंजिनं ब्रिटनमध्ये धावत राहिली. त्यांच्या पाट्या बदलल्या गेल्या नाहीत.

१९६७ च्या उन्हाळ्यातल्या शनिवारी, डिझेल सगळीकडे पसरलेलं असताना, लीड्सच्या होलबेक शेडमधलं हे इंजिन सेटल-कार्लाइल मार्गावर सुट्टीच्या गाड्या ओढत होतं. सेटलहून पुढे कित्येक मैल शंभर फुटांना एक फूट असा न संपणारा चढ, मग रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल, आणि ११६९ फुटांवरचा एस गिलचा माथा. त्या चढावर फायरमनला दम घ्यायला फुरसत नसे. भट्टीचं दार उघडायचं, कोळसा नेमका जिथे आग पातळ झाली आहे तिथे टाकायचा, दार लावायचं, पुन्हा फावडं भरायचं. बत्तीस वर्षांचं इंजिन हे काम करत होतं, याचं मला मनापासून कौतुक आहे. ऑक्टोबरमध्ये ते सेवेतून काढलं गेलं.

१९१ पैकी चार वाचली: कोल्हापूर, बहामाज, लिअँडर, गॅलटीया. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर सगळी भंगारात गेली. हिंदुस्थानी नावाचं हे एकच उरलं. ज्यांनी ते विकत घेऊन बर्मिंगहॅमच्या टायस्लीला नेलं, त्यांनी साम्राज्य जपण्यासाठी हे केलं असं मला वाटत नाही. त्यांना ते यंत्र आवडत होतं, ते वितळून जाऊ नये एवढंच हवं होतं. नाव देणाऱ्यांपेक्षा मला ही माणसं जवळची वाटतात.

आपली कितीतरी माणसं आता बर्मिंगहॅमकडे असतात, शिकायला, नोकरीला. त्यातल्या कोल्हापूरकरांनी टायस्लीला जाऊन यावं. ते कामाचं आवार आहे, रोज उघडं नसतं. लोकांसाठी खुले दिवस ठेवतात, तेव्हा तारखेची चौकशी करूनच निघावं.