एका सिंफनीचे १०९ वर्षांचे मौन

पाश्चात्त्य अभिजात संगीत हा काही आमचा प्रांत नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात वाढलेला आमचा कान भजनातल्या टाळ-मृदंगावर आणि आकाशवाणीवरच्या नाट्यगीतांवर पोसलेला. तरीही हान्स रॉट या व्हिएन्नातल्या तरुणाची ई मेजर सिंफनी काही महिने आमची पाठ सोडत नाही.

रॉटचा जन्म १८५८ चा. ब्रुकनरकडे तो ऑर्गन शिकला. गुस्ताव मालर त्याचा सहाध्यायी. सिंफनीचा पहिला भाग त्याने १८७८ मध्ये स्पर्धेत सादर केला. परीक्षकांनी तो हसण्यावारी नेला. बाजू घेतली ती ब्रुकनरने. चारही भाग पूर्ण करून १८८० मध्ये तो ब्राम्सकडे गेला. ब्राम्सने त्याला संगीताचा नाद सोडण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी आगगाडीत सिगार पेटवू पाहणाऱ्या सहप्रवाशावर रॉटने पिस्तूल रोखले. ब्राम्सने गाडीत डायनामाइट भरून ठेवले आहे, असे त्याचे म्हणणे होते. उरलेले आयुष्य मनोरुग्णालयात गेले. १८८४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने वारला. सिंफनी प्रथम वाजली ती १९८९ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत.

रचना निर्दोष नाही. ती लांबते, पितळी वाद्ये दाटी करतात, ट्रँगल तर टाळासारखा किणकिणतच राहतो. पण तिसरा भाग सुरू झाला की मालर आठवतो. आणि मालरची पहिली सिंफनी १८८८ ची, म्हणजे नंतरची! शेवटच्या भागात ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतल्या सुरावटीची छाया आहे. ज्याच्या दारी हा मुलगा गेला, त्याला त्याने स्वरांतूनच वंदन केले होते.

एका नकाराने माणूस वेडा होतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आजाराची मुळे खोल असतात. आम्हांला बोचते ते निराळेच. १८५३ मध्ये शूमानने एक लेख लिहून वीस वर्षांच्या ब्राम्सला जगापुढे आणले होते. तोच ब्राम्स १८८० मध्ये ४७ वर्षांचा होता, साधारण आमच्याच वयाचा. स्वतःची पहिली सिंफनी रसिकांपुढे ठेवायला त्याला त्रेचाळिसावे वर्ष उजाडले होते. अशा कष्टाने मिळवलेली शिस्त दुसऱ्याच्या उतावळ्या प्रतिभेविषयी कठोर होत असावी.

आमच्या शेजारच्या जळगावात १९०७ मध्ये पहिले कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी 'बालकवी' म्हणून गौरवले. तोही अल्पायुषी ठरला. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेला. कौतुकाने आयुष्य वाढत नाही. पण बालकवींची कविता त्यांच्या हयातीतच ऐकली गेली. रॉटने आपली सिंफनी कधीच ऐकली नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी दरवर्षी आमच्या टेबलावर वह्यांतली फाडलेली पाने येतात. त्यांतले बहुतेक लेखन कच्चे असते, आणि ते कच्चे आहे हे सांगणे हे आमचे कामच आहे. मात्र 'हे लेखन जमलेले नाही' आणि 'तुला लिहिता येणार नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले म्हणण्याचा अधिकार अभ्यासाने मिळतो. दुसरे म्हणण्याचा अधिकार ब्राम्सलाही नव्हता.