कणगीच्या तळाची सुटी

सुगीत धान्याची रास मापताना हात सैल असतो. पण कणगीच्या तळाशी उरलेले शेर-दोन शेर गृहिणी फार विचाराने काढते. सुटीचेही असेच आहे. दोन महिन्यांची सुटी कशी सरली हे कोणास सांगता येत नाही. चार दिवसांच्या सुटीचा मात्र प्रत्येक प्रहर लक्षात राहतो.

आमच्या लातूर भागात दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांच्या वाट्यास येणारी सुटी ही अशी तळाचीच असते. शेवटची उत्तरपत्रिका देऊन मूल घरी येते, बोटांवरची शाई वाळते न वाळते, तोच पुढील दोन वर्षांच्या शिकवणीचे वेळापत्रक दारात येऊन उभे राहते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाचा महाराष्ट्रभर दबदबा आहे. त्याची किंमत कोण देते हे आम्हा लातूरकरांच्या घरांतून दिसते. माझ्या मुलीला यंदा फाल्गुनात चार दिवस मिळाले. त्यांचे काय करावे, यावर मुरुडच्या आमच्या घरात बराच खल झाला. आईला तुळजापूरची भवानी हवी होती, धाकट्या चिरंजीवांना केवळ मोटार हवी होती, आणि पत्नीचे मत पोरीला झोपू द्यावे असे होते. मी तेर आणि नळदुर्ग सुचविले. प्राध्यापकाला प्रवासातही तास घ्यावासा वाटतो, असा घरात समज आहे. तो अगदीच निराधार नाही. मुलगी काही बोलली नाही. अलीकडे ती फारसे बोलतच नसे.

बार्शीच्या रस्त्याला लागलो तेव्हा बांधाबांधांवरचे पळस पेटले होते. आई खिडकीशी बसली होती. १९६४ साली ती नवी नवरी म्हणून बार्शीहून मुरुडला आली ती अडीच फुटी रुळांच्या छोट्या आगगाडीने. ती गाडी १८९७ मध्ये बार्शीला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तिने या मुलखातली माणसे, कापूस आणि भुईमूग वाहिला. आता तेथे रुंद रूळ आहेत.

“आजी, ती गाडी किती वेगाने जायची गं?” चिरंजीवांनी विचारले.

“वेगाचं मला काय ठाऊक बाळा? दशम्या संपायच्या आत गाव आलं, एवढं आठवतं.”

ढोकीवरून तेरला वळलो. तेरणाकाठचे हे आजचे लहानसे गाव म्हणजे पुराणे तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी-वृत्तान्तात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. येथले कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराकडे जाई. तेथील संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात जी भारतीय मूर्ती सापडली, तिची ही बहीण शोभावी. मूर्तीपुढे मी अंमळ रेंगाळलो. चिरंजीव मात्र भडोचला बैल किती दिवसांनी पोचत असतील, याचा हिशेब करीत होते.

नंतर गोरोबाकाकांच्या देवळात गेलो. तेराव्या शतकातील या कुंभार संताची ती कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईने विचारले, यांत पक्की मडकी कोणती? गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र चिडले, आणि कच्चे ठरले. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपाशी त्यांना गुरू लाभला. चिरंजीवांसाठी मी ही कथा सांगत होतो. सकाळपासून गप्प असलेली मुलगी एकदम म्हणाली,

“बाबा, नामदेवांना पक्कं व्हायला किती दिवस लागले?”

प्रश्न कोणत्या मडक्याविषयी होता, हे ध्यानात यायला मला वेळ लागला नाही. मी म्हणालो, “त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.”

“मग बरं,” ती म्हणाली.

आई सभामंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, “कच्चं मडकं पुन्हा आव्यात घालता येतं, बाई. घाईनं भाजून तडकलं, तर मात्र त्याचं खापरच होतं.”

तुळजापुरी दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी नळदुर्ग गाठला. बोरी नदीवर आदिलशाहीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, धरण बांधले आणि त्या धरणाच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात भिंतीवरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून पडत्या पाण्याकडे पाहू शकतो. फाल्गुनात भिंत कोरडी होती. चिरंजीव हिरमुसले. मुलगी मात्र पाणीमहालाच्या खिडकीत जाऊन बसली. तासभर झाला तरी तिला कोणी हाक मारली नाही. परतताना ती भावाशी भांडली, हसली, आणि मोटारीत गाढ झोपली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिचेही मत अखेर खरे ठरले होते.

आता तिचे वर्ग सुरू झाले आहेत. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि चार दिवसांच्या प्रवासाने कोणाचे प्राक्तन बदलते असेही मी मानीत नाही. परंतु तीस वर्षे उत्तरपत्रिका तपाशीत आल्यामुळे थापटण्याशी माझा परिचय दांडगा आहे. ते मडक्याचा आवाज सांगते, त्याला पक्के करीत नाही. पक्के करण्याचे काम आव्याचे. आणि आव्याला जाळाइतकाच वेळही लागतो. हा वेळ शाळा देऊ शकत नाही, वर्ग तर नाहीच नाही. तो घरानेच कणगीच्या तळातून काढून द्यावयाचा असतो. दिवाळीच्या सुटीत तीन दिवस मिळतील असे कळते. औंढ्याला जाऊ या, असे यावेळी मुलीनेच सुचविले आहे.