तरुण कातळाच्या मुलखातून

यायसा हे लांझारोते बेटावरचं पांढऱ्याशुभ्र घरांचं गाव. कोथरूडच्या एका निवृत्त जोडप्याने घरी धाडलेलं पहिलं पत्र तिथलं, आणि त्यात प्रवासाच्या हकिकतीआधी येतो तो गावचा जुना धर्मगुरू. १ सप्टेंबर १७३०च्या रात्री इथली जमीन फाटली. आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो तेव्हा यायसाचे पाद्री होते. कुठलं गाव लाव्ह्याखाली गेलं, कुठे विषारी वाफेने गुरं दगावली, हे ते लिहून ठेवत गेले. उद्रेक थांबला थेट १७३६मध्ये. तोवर बेटाचा जवळपास चौथा हिस्सा काळ्या दगडाखाली गाडला गेला होता.

सोसायटीत सगळे या दोघांना काका-काकूच म्हणतात. काका भूगर्भशास्त्र शिकवायचे, काकू बँकेत होत्या. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची स्पेनची ही कॅनरी बेटं निवांत पाहायची, असं त्यांनी निवृत्तीआधीच ठरवून टाकलं होतं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, म्हणून हिवाळा गाठून जायचं, एखाद-दोन बेटांवर भाड्याने खोली घ्यायची, परत यायचं आणि पुढच्या हिवाळ्यात उरलेली बेटं. फोन रोजचा असला तरी पत्रं लिहायची ती हातानेच. पत्राचा वरचा भाग काकांचा, खालचा काकूंचा. पोस्टाच्या कृपेने कधी नंतरचं पत्र आधी येतं आणि आधीचं मागाहून, तेव्हा लेक तारखा लावून ती नातवंडांना वाचून दाखवते.

लांझारोतेवरच्या द्राक्षमळ्यांच्या भागाबद्दल, ला हेरियाबद्दल, काकूंनी जे लिहिलंय ते शेतकऱ्याच्या घरातली बाईच लिहू शकते. या भागात पाऊस नावापुरता. राखेच्या, बारीक सच्छिद्र खड्यांच्या जाड थराखाली जुनी माती गाडलेली. लोकांनी काय करावं? थर उपसून माणूस आत उतरेल एवढा खोलगट खड्डा करायचा, तळाशी मातीत द्राक्षाचा एकच वेल लावायचा आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल, बुटकी भिंत रचायची. रात्रीचं दव ते काळे खडे शोषून घेतात, आणि दिवसा त्यांच्याच थरामुळे खालची ओल उडत नाही. एका वेलाला एक खड्डा, असे हजारो खड्डे उतारभर. काकू एका खड्ड्याच्या काठावर बसल्या, वरचे खडे हाताने बाजूला केले, तर चार बोटं खाली बोटांना गारवा लागला. मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या त्या. ओलीची किंमत त्यांना कुणी सांगायला नको.

तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात काका रमले. तिथले कर्मचारी खड्ड्यात वाळकं झुडूप टाकतात आणि ते आपोआप पेटतं. जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात आणि क्षणात वाफेचा फवारा उसळतो. पण काकांचं सगळं लक्ष दगडावर. लाव्हा निवताना त्यातले वायू बाहेर पडायला धडपडतात आणि दगडात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. लांझारोतेच्या त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या दगडातल्या पोकळ्या अजून रिकाम्या आहेत. पुण्याचा कातळ हाही लाव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांमधून पाणी झिरपत राहिलं आणि आत झिओलाइटचे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणींत निळाभोर कॅव्हनसाइट सापडतो तो असाच. जगभरच्या संग्रहालयांत त्याच्या नमुन्यांवर पुण्याचं नाव असतं. काकांच्या घरी कपाटात असा एक तुकडा आहे. नातीने तो हातात घेऊन पत्र पुन्हा वाचावं, अशी त्यांची सूचना होती. उद्यानातून खडा उचलायला बंदी आहे, म्हणून जोडीला फक्त रेखाचित्र.

त्याच पत्रात सेझार मान्रिकेवर दोन पानं आहेत, आणि ती सगळ्यांनी वाचावीत अशी आहेत. हा चित्रकार लांझारोतेचाच, जन्म १९१९चा. न्यूयॉर्कहून १९६६मध्ये तो बेटावर परतला आणि हॉटेलांचं पीक यायच्या आधीच भांडायला उभा राहिला: उंच इमारती नकोत, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नकोत. ताहिचे गावात लाव्ह्यातल्या पाच मोठ्या पोकळ्या जोडून त्याने स्वतःचं घर बांधलं. १९९२मध्ये तो अपघातात गेला; पुढच्याच वर्षी युनेस्कोने अख्ख्या बेटाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. आपल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणंही लाव्हा कोरूनच झालेलं. कातळात राहायची कला आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वी होती. आणि आज? वेताळ टेकडीतून रस्ता नेऊ नका म्हणून पुणेकरांना २०२३मध्ये मोर्चा काढावा लागला. टेकडी वाचवणं हा मूठभर हौशी लोकांचा छंद आहे असं समजणाऱ्यांनी एकदा लांझारोतेचा किनारा पाहून यावा.

तेनेरिफेचं पत्र मोकळंढाकळं आहे. तेइदे हा ३,७१५ मीटरचा ज्वालामुखी, स्पेनमधला सर्वांत उंच डोंगर. अगदी माथ्यावर जायला वेगळा परवाना लागतो. दोघं केबल कारने वरच्या स्थानकापर्यंत जाऊन आले. काकूंचा जीव मात्र बाजारात गुंतला. तिथे गोफिओ मिळतो, भाजलेल्या धान्याचं पीठ. युरोपीय येण्याआधीचे इथले मूळ रहिवासी, ग्वांचे, तो जवाचा करत. काकूंनी दुधात साखर घालून कालवला आणि लिहिलं की थेट सातूच. सांता क्रूझमध्ये एका दुकानदाराने दोघांशी हिंदीत बोलायला सुरुवात केली. बंदरांना १८५२मध्ये जकातमाफी मिळाल्यावर इथे व्यापार वाढला आणि पुढे सिंधी पेढ्या आल्या. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात स्थिरावलेल्या कुटुंबांची आणि यांची मुळं एकाच प्रांतातली.

ला पाल्मात सूर बदलतो. १९ सप्टेंबर २०२१ला कुंब्रे व्हिएहाच्या उतारावर उद्रेक झाला आणि ८५ दिवस चालला. सुमारे सात हजार लोकांना घरं सोडावी लागली. तोदोके गाव चर्चसकट लाव्ह्याखाली गेलं, केळीच्या बागा गेल्या. ज्या तरुण कातळाचं काकांना एवढं कौतुक, त्याच्याखाली इथे कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. काकांनी या ठिकाणी दगडाबद्दल अवघ्या चार ओळी लिहिल्या. काकूंनी लिहिलं ते थिजलेल्या लाव्ह्यावरून काढलेल्या नव्या रस्त्याबद्दल, आणि त्याच्या कडेला केळीची पुन्हा लागवड करणाऱ्या माणसांबद्दल.

याच बेटाच्या माथ्यावर, रोके दे लोस मुचाचोसला, १०.४ मीटर आरशाची ग्रान तेलेस्कोपिओ कानारियास ही दुर्बीण आहे. आकाश काळं राहावं म्हणून रस्त्यावरच्या दिव्यांवर बंधनं घालणारा कायदा स्पेनने १९८८मध्ये केला. पुण्यात जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली तेही त्याच साली. आयुकातली व्याख्यानं चुकवायची नाहीत हा या घरचा नेम, त्यामुळे नातवाने उलट टपाली प्रश्नांची यादीच पाठवली आहे.

व्हिसाचे दिवस संपत आले, म्हणून एल इएरो राहिलं. युरोपातले नकाशे कित्येक वर्षं रेखांशाचं शून्य या चिमुकल्या बेटावरून मोजत. २०११मध्ये त्याच्या दक्षिणेला ला रेस्तिंगा गावासमोर समुद्राच्या तळाशी उद्रेक झाला होता आणि पाण्याचा रंग पालटला होता. काकांनी पुढच्या हिवाळ्यासाठी त्याच गावात खोली पाहून ठेवली आहे. खिडकी समुद्राकडे हवी, एवढी एकच अट काकूंनी घातली आहे.