अठरानंतरचा खर्च

आज कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून अष्टमीकडे परतताना एकच आकडा मनात घोळत होता: 18. दिव्यांग हक्कांच्या 2016च्या कायद्याने 6 ते 18 या वयात मोफत शिक्षण दिलं. मोफत पुस्तकं आणि साधनंही 18 वर्षांपर्यंतच. कॉलेजचं शिक्षण मात्र खरं तर त्यानंतरचं. त्याच कायद्याने उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखल्या, पण जागा मिळाली म्हणून तिथे टिकता येतंच असं नाही.

दृष्टिहीन मुलामुलींचा खर्च फीपाशी थांबत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण ते चालवायला लॅपटॉप विकतच घ्यावा लागतो. पुस्तकं स्कॅन करायची, परीक्षेला लेखनिक शोधायचा, मुंबईला शिकायचं तर राहण्याचं भाडं. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो, पण पैसे सत्र सरल्यावर आले तर त्यांचा काय उपयोग?

मदत प्रवेशासोबतच हाती पडायला हवी. तोवर आपल्या रोहा-अष्टमीतल्या मंडळांनी एकेका मुलाच्या लॅपटॉपचा भार उचलावा. शिकण्याची जिद्द 18व्या वर्षी संपत नाही; आपली जबाबदारीही संपू नये.